भांडायला घरचं माणूस

पॅरिस,
६ मे

ती. क्रिस्टीनाआक्कांना दीनाचा सप्रेम सलाम, वि. वि.

मी इथे सुखरूप पोचले. निघताना तुम्ही बजावलं होतं, फोन करायचा नाही. फोनवर माणूस नुसतं हॅलो हॅलो करतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहिते आहे. तुम्ही भंडारदऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स होतात तेव्हा धाकट्या भावाला लांबलचक पत्रं लिहायचात. तो भाऊ आता माझा नवरा आहे आणि त्याला चार ओळींपुढे लिहिता येत नाही, तेव्हा घराण्याची रीत सुनेनंच चालवायची. फक्त पोस्टाच्या पेटीऐवजी पानाचा फोटो काढून मोबाईलवर टाकते. तुम्हीही तसंच करा.

पाय कसा आहे? प्लास्टर जड वाटतं का? कामाला राहीबाई वेळेवर येते ना? इतकी वर्षं आपण दोघी मिळून ही सहल ठरवत होतो आणि निघायच्या तोंडावर तुम्हाला चर्चच्या पायरीवरून घसरायला सुचलं. मी जात नाही म्हणाले तर तुम्ही प्लास्टरचा पाय घेऊन बसस्टँडवर सोडायला यायची धमकी दिलीत. आता भोगते आहे.

खरं सांगते आक्का, आला नाहीत तेच बरं झालं. इथे संडासात पाणी नाही. कागद आहे. ह्यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही नर्स आहात, समजून घ्याल. आमच्या गटातल्या प्रत्येक बाईच्या पर्समध्ये आता एक रिकामी बाटली असते आणि ती कशाला हे कोणी कोणाला विचारत नाही. न्हाणीत बादली नाही, तांब्या नाही. टबात चढायचं म्हणजे बैलगाडीत चढल्यासारखं, आणि उतरताना देवाचं नाव घ्यायचं.

चहाचं तर विचारूच नका. कपात गरम पाणी देतात आणि दोऱ्याला बांधलेली पुडी. ती बुडवत राहायची, विहिरीत पोहरा सोडल्यासारखी. हाताला रग लागते, पाण्याला रंग येत नाही. दूध अंगठ्याएवढ्या डबीत, तेही थंडगार. सकाळी पाव असतो, तो वरवंट्यानं फोडावा असा. दुपारी-रात्री आपलं जेवण म्हणून एका हॉटेलात नेतात, तिथे पनीर, बटाटा आणि वाटाणा एकाच पिवळ्या रश्श्यात आळीपाळीनं पोहतात.

आणि इथे संध्याकाळच होत नाही. रात्रीचं जेवण उरकलं तरी बाहेर लख्ख ऊन. घरी आपण दिवेलागणीला प्रार्थनेला बसतो. इथे दिवेच लागत नाहीत तर बसायचं कधी? काल मी उन्हातच रात्रीची प्रार्थना म्हणून टाकली. प्रभू समजून घेईल, त्याला वेळेचा फरक माहीत असणार.

तुमच्या जागी माझ्या खोलीत मिरजगावच्या चांगुणाबाई आल्या आहेत. घरची शेती, मुलाचं बी-बियाण्याचं दुकान. मुलानं हट्टानं पाठवलं. नऊवारीवर स्वेटर, पायात नातवाचे बूट. पहिल्याच रात्री न्हाणी बघून त्यांनी मला विचारलं, या लोकास्नी पान्याचं येवढं भ्याव कशापायी?

तर पाय उशीवर ठेवून पडल्या आहात तेच सुखाचं. राहीबाईच्या हातची गरम भाकरी खा आणि मला नावं ठेवा. लोभ आहेच; माझ्या माघारी त्याला गळती लागू देऊ नये, ही विनंती.

आपली,
दीना


राहाता,
८ मे

चि. सौ. दीनास क्रिस्टीनाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझे हाल वाचून इतकं वाईट वाटलं की हसू आवरेना.

तू एक गोष्ट विसरलीस. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये माझंही नाव आहे. पाय मोडला म्हणून मला तिथून कोणी काढलेलं नाही. तुमचा टूर मॅनेजर ओंकार रोज फोटोंचा पाऊस पाडतो आणि मी एकेक मोठा करून बघते. ज्या बाईला चहा मिळत नाही, जिच्यानं पाव फुटत नाही आणि जिला प्रार्थनेपुरता अंधार सापडत नाही, ती नदीतल्या बोटीवर दोन्ही हातांत आइस्क्रीम घेऊन उभी आहे. नाकालाही लागलेलं आहे. दुसरं कोणाचं होतं? माझ्या वाटणीचं असेल तर माफ.

मी जन्मभर रुग्ण पाहिले. डॉक्टर आले की कण्हणारे आणि डॉक्टरांची पाठ वळली की पत्ते पिसणारे मला लांबून ओळखू येतात. मला हळहळ वाटू नये म्हणून तू रडगाणं गातेस, हे कळायला पत्र दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. तरी लिहीत जा. मजा येते.

माझं उत्तम चाललं आहे. पाय मुळीच दुखत नाही. राहीबाई भाकरी करते, आंबे आले आहेत. तुझा शमू येतो, बसतो, काही बोलत नाही, जातो. म्हणजे त्याची तब्येत ठीक आहे. झोप बरी लागते, फक्त पहाटेच दिवे लावतात आणि पलीकडची घोरते. चहा पातळ असतो, पण निदान पोहरा सोडावा लागत नाही. तुझं पत्र आम्ही सगळ्याजणींनी वाचलं. संडासाचा भाग मला दोनदा वाचून दाखवावा लागला.

डोंगरावर नेतील तेव्हा बर्फ नीट बघून ये. मी आयुष्यभर बर्फ पिशवीत भरून लोकांच्या कपाळावर ठेवला, पडलेला कधी पाहिला नाही. तेवढ्यासाठी मला यायचं होतं. कसा दिसतो ते खरं लिही, त्यात कण्हणं नको.

चांगुणाबाईंना माझा नमस्कार सांग. माझ्या जागी झोपतात तर माझ्यासारख्याच तुला सरळ करोत. जीव लावतेस तसा लावत राहा, उपदेश केला म्हणून फुगू नकोस.

तुझी,
आक्का


इंटरलाकेन,
१० मे

ती. आक्कांना सप्रेम सलाम, वि. वि.

आइस्क्रीमचं पकडलंत. दुसरं चांगुणाबाईंचं होतं, त्या बोटीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. पण फोटोत चहा दिसत नाही, म्हणून तक्रार मागे घेत नाही.

इथे थंडी अशी की धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. टेबलावरच्या दिव्यावर मोजे, खुर्चीवर परकर, आरशावर ओढणी. ओंकार काही सांगायला आला तर त्याला दारातून लाजून परत जावं लागलं. आमच्या अंगणातल्या तारेवर मे महिन्यात लुगडं टाकून वळेपर्यंत वाळतं, तेव्हा आपण उन्हाला शिव्या देतो. पांघरुणाचं एक टोक गादीखाली इतकं घट्ट खोचतात की पाकिटात घातलेल्या पत्रासारखं झोपावं लागतं. गोधडीची फार आठवण येते. जमिनीवर मांडी घालून बसायची तर त्याहून जास्त. काल चांगुणाबाई हॉटेलच्या मोठ्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसल्या आणि मीही बसले. मग पुण्याच्या दोघी आल्या. सगळ्यांचे गुडघे मोकळे झाले. चांगुणाबाईंनी ठेच्याची बाटली काढली, कडक झालेल्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा तुकडा वाटला. आमच्यातल्या एक निवृत्त प्राध्यापकबाई, ज्या पहिल्या दिवसापासून इथला पाव किती उत्तम हे सांगत होत्या, त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

बर्फाचं विचारलंत. गेलो होतो. काही विशेष नाही. आपल्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात साठतो तसाच, फक्त जास्त. उगाच लोक कौतुक करतात.

आता मला एक सांगा. पलीकडची कोण घोरते? तुम्ही घरात एकट्या झोपता. राहीबाई संध्याकाळी घरी जाते. आणि सगळ्याजणी म्हणजे कोण? राहात्यात तुमच्याकडे महिला मंडळ भरतं का?

लगेच लिहा. रागावलात तरी चालेल, गप्प बसू नये एवढंच मागणं.

आपली,
दीना


राहाता,
१० मे

प्रिय दीनास शमुवेलचा सलाम.

तू खुशाल असशील. मीही खुशाल आहे. टाकीला पाणी येतं. रविवारी चर्चला गेलो. पाद्रीसाहेबांनी तुझी चौकशी केली. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो, एक मेली, पण ती आधीच मरायला टेकली होती.

आक्काची काळजी करू नको. डबा वेळेवर पोचवतो. सकाळची एस.टी. बरी मिळते. खाट खिडकीजवळची आहे, वारा येतो. तिनं सांगितलं आहे की दीनाला काही कळवायचं नाही, म्हणून काही कळवत नाही.

तब्येतीला जप. आपण आहोत तसे राहू.

तुझा,
शमुवेल


इंटरलाकेन,
११ मे

प्रिय नवरोबांना सलाम.

तुमचं पत्र चांगुणाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग विचारलं की मालक कोर्टात साक्षीला कधी गेल्ते का.

आक्कांचं घर आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. तिथे डबा द्यायला चप्पलसुद्धा घालावी लागत नाही. तुम्ही एस.टी.नं कुठे जाता? खाट कुठल्या खिडकीजवळची? सगळं लिहा. आज लिहिलं नाहीत तर मी राहीबाईला फोन करीन, आणि तिच्याकडून गोष्ट ऐकायची म्हणजे सगळ्या राहात्याला ऐकू जाईल.

तुमच्या चार ओळी मला नेहमी पुरतात. ह्या वेळी पुरायच्या नाहीत.

तुमचीच,
दीना


राहाता,
१२ मे

प्रिय दीनास सलाम.

लिहितो. आक्का रागावेल, पण तू जास्त रागावतेस.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी राहीबाई यायच्या आत आक्का एकटीच उठली. माळ्यावरची बॅग काढायची होती म्हणे. प्लास्टरच्या पायावर भार दिला. दुपारपर्यंत पाय सुजला. श्रीरामपूरला नेलं. हाड सरकलं होतं. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली. साखर वाढली होती म्हणून ठेवून घेतलं आहे. आता चांगली आहे. बायकांच्या वॉर्डात सगळ्यांवर हुकूम चालवते. सिस्टर लोक तिला विचारून गोळ्या देतात की काय अशी मला शंका येते.

हे मी लपवलं नसतं. पण दुसरं एक आहे आणि ते मला सहन होत नाही.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने एकटीनं राहायचं नाही. मी म्हटलं, आपल्याकडे ये. ती नाही म्हणाली. नगरला निवृत्त परिचारिकांसाठी एक घर आहे, तिथे तिनं खोली बघून ठेवली आहे. तीन महिन्यांसाठी नाही, कायमची. सोळा तारखेला सुट्टी मिळेल, आसारामची भाड्याची गाडी सांगितली आहे, तिथून परस्पर नगरला. तू परत यायच्या आत तिला हे उरकायचं आहे. माळ्यावरची बॅग त्यासाठीच काढत होती. म्हणजे हाड सरकायच्या आधीच तिचं ठरलं होतं.

मी आग्रह केला. ती म्हणाली, "शमू, पाहुणी म्हणून आले तर दोन दिवस. ओझं म्हणून आले तर जन्मभर. मला दोन्ही व्हायचं नाही."

तुला ठाऊक आहे, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. साठी उलटली तरी उघडत नाही. काल डब्यात तिला आवडतं म्हणून राहीबाईकडून मेथीचं पिठलं करवून नेलं. तिनं मला थँक्यू म्हटलं. दीना, मला ते फार लागलं.

हे तुझ्या हाती देतो.

तुझा,
शमुवेल


इन्सब्रुक,
१३ मे

ती. आक्कांना दीनाचा सलाम.

पुढचं वि. वि. गाळते, कारण मी रागावले आहे. ह्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मला आइस्क्रीमवरून पकडणाऱ्या बाईनं वॉर्डातल्या खाटेवर बसून वर राहाता असं लिहावं! तुमच्यापेक्षा डॉक्टरांची पाठ वळल्यावर पत्ते पिसणारे बरे.

आता खोटं पुरे. आधी माझं सांगते.

सहल फार छान चालली आहे. पॅरिसला रात्री दिव्यांनी सजलेला तो उंच मनोरा बघताना मी शाळेतल्या पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. आणि बर्फ फ्रीजमधल्यासारखा नसतो, आक्का. डोंगरावर गाडीतून उतरले आणि समोर सगळं पांढरं, इतकं की डोळ्यांत मावेना. आवाज नाही. आपल्या गटातले सगळे एकमेकांवर गोळे फेकत होते, मी लांब जाऊन उभी राहिले. हातात घेतला तर पिठासारखा कोरडा, भुसभुशीत, मग तळहातावर हळूहळू पाणी. मला वाटलं, पिशवीत भरून कपाळावर ठेवणारीनं हे बघायला हवं होतं. तिथे मी रडले. चांगुणाबाईंना सांगितलं, थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंय. त्या म्हणाल्या, व्हय, आमच्याकडं बी थंडीचं असंच येतं. तुम्हाला खरं लिहायचं होतं, धीर झाला नाही.

पण बाकीच्या तक्रारी खऱ्या आहेत. मी त्या तुमचं मन राखायला लिहायला घेतल्या आणि लिहिता लिहिता कळलं की मला तसंच वाटतं आहे. फक्त कशाची आठवण येते ते मी चुकीचं लिहीत होते.

इथला चहा वाईट आहे. पण वाईट चहाला वाईट म्हणायला समोर कोणी नाही, ते जास्त वाईट आहे. निवृत्त होऊन तुम्ही आमच्या गल्लीत आलात तेव्हापासून रोज सकाळी येता. दार उघडं असलं तरी कडी वाजवता. दाराजवळच्या खुर्चीवर बसता, आत येत नाही. पेपर मोठ्यानं वाचता. भाजीत मीठ जास्त म्हणता, मी म्हणते तुमच्या जिभेवरच मिठागर आहे, मग दुपारपर्यंत दोघी गाल फुगवून बसतो आणि चार वाजता मी तुमच्याकडे वाटीभर काहीतरी घेऊन येते. इथे सकाळी जाग आली की मी कडी वाजायची वाट बघते. मग आठवतं, इथल्या दाराला कडीच नाही, कार्ड आहे.

काल ह्यांचं पत्र आलं तेव्हा बसमध्ये बसून होते. चांगुणाबाईंनी काय झालं विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांची एक नणंद होती, रंगुबाई. तरुणपणीच माहेरी परत आलेली. दोघी जन्मभर भांडल्या, चुलीवरून, पाण्यावरून, कोंबडीच्या अंड्यावरून. दोन वर्षांमागे ती गेली. चांगुणाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हितं समदे सॉरी म्हनत्यात. धक्का लागला तरी सॉरी, न्हाई लागला तरी सॉरी. भांडायला बी घरचं मानूस लागतं, बाई. माझं गेलं. तुमचं हाय तर जाऊ देऊ नगा."

म्हणून लिहिते. पाहुणी म्हणून येऊ नका, पाहुण्यांची सरबराई करायचा मला कंटाळा आहे. ओझं म्हणूनही येऊ नका, मला पाठदुखी आहे. भांडायला या. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या घरात एकदा तोंडानं चहा मागितला नाहीत. दिला तर घेतला, नाही दिला तर तशाच गेलात. हे मला कळत नव्हतं असं समजू नका. मीही कधी म्हटलं नाही की आक्का, मागा. तुमचा ताठा आणि माझा आळस, दोघांचं मेतकूट.

मी सहल सोडून धावत येणार नाही. आले तर तुम्ही त्याबद्दल मरेपर्यंत बोलून दाखवाल. उद्या व्हेनिसला होडीत बसणार आहे. तुम्ही नगरला गेलात तर मी तिथे येऊन तुमच्या दारातल्या खुर्चीवर बसेन आणि पाहुणीसारखी थँक्यू थँक्यू म्हणत राहीन. मग कळेल कसं लागतं ते.

राग आहे तोवर लोभही आहे, दोन्ही एकाच घरचे.

तुमची,
दीना


श्रीरामपूर,
१४ मे

चि. सौ. दीनास आशीर्वाद.

ह्या वेळी वर खरं गाव लिहिलं आहे, बघून घे.

तू एकटीच सहलीला गेली आहेस असं समजू नकोस. आमचाही गट आहे. वॉर्डात आम्ही आठजणी. गाईड म्हणजे रात्रपाळीची सिस्टर; ती पहाटे दिवे लावते आणि सगळ्यांना उठवून तापमान बघते, जणू बस सुटणार आहे. संडास एकच आहे, तिथे पाणी आहे, पण तिथवर जायला मला दोन माणसं लागतात. तेव्हा तुझी बाटली आणि माझी तऱ्हा, कोणाचे हाल मोठे ते ठरवणं कठीण. जेवणात वरण आणि भोपळा आळीपाळीनं पोहतात. माझ्या उशीला फिनेलचा वास येतो. मी स्वतः किती वर्षं रुग्णांना सांगत आले, घरच्यासारखं समजा. आता कळलं की ते किती मूर्खपणाचं वाक्य आहे.

तुझं बर्फाचं लिहिलेलं मी कोणाला वाचून दाखवलं नाही. ते माझ्याकडे ठेवलं आहे. तळहातावर हळूहळू पाणी, हे बरोबर लिहिलंस.

शमूवर चिडले नाही. पिठलं चांगलं झालं होतं, म्हणून थँक्यू म्हटलं. त्याला लागेल हे सुचलं नाही. आपल्या माणसाला थँक्यू म्हणायची वेळ आली तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी मनानं नगरला जाऊन बसले आहे.

नगरच्या मेट्रनबाई भल्या आहेत. त्यांनी मला खोली दाखवताना अभिमानानं सांगितलं होतं, सिस्टर, आमच्याकडे कोणी कोणाशी भांडत नाही. तेव्हा ऐकून बरं वाटलं. तुझं पत्र आल्यापासून तेच वाक्य टोचत आहे. इतक्या बायका आणि भांडण नाही, म्हणजे त्या दिवसभर करतात काय?

तरी मी काही कबूल करत नाही. तुला वाटतं तेवढं ते सोपं नाही. तू भांडायला बोलावतेस, पण तीन महिने मला उठवावं, बसवावं, न्हाऊ घालावं लागेल. मी हे काम दुसऱ्यांचं केलं आहे, त्यात माणूस कसं शिणतं ते मला माहीत आहे. शिणल्यावर भांडणाला चव राहत नाही, नुसती चिडचिड राहते. त्याची मला भीती वाटते. पाय मोडण्याची वाटली नव्हती.

शमूला अजून काही सांगितलेलं नाही. आसारामची गाडी ठरली आहे ती ठरलेलीच आहे. चांगुणाबाईंना सांग, त्यांच्या रंगुबाईंसाठी मी आज प्रार्थना केली.

होडीत नीट बस, कडेला वाकू नकोस. माया कमी-जास्त झाली तर सांभाळून घे.

तुझी,
आक्का


राहाता,
१७ मे

प्रिय दीनास शमुवेलचा सप्रेम सलाम.

ह्या वेळी लांब लिहितो. आक्काचं पत्र तुला मिळालं असेल, मला तिनं दाखवलं नाही.

काल सुट्टी मिळाली. मी आणि आसाराम गेलो. तिची बॅग नगरच्या तयारीनं भरलेली होती, वर बायबल. वॉर्डातल्या बायका दारापर्यंत आल्या. एक रडली, तिला आक्कानं गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलं. गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. मी पुढे बसलो. बोलायचं खूप होतं.

चौकात आल्यावर आसारामनं गाडी हळू केली आणि विचारलं, सिस्टर, राहुरीवरून नगरला घेऊ ना? ती बाहेर बघत होती. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. मग ती म्हणाली, "बाभळेश्वरावरून घे." आसारामला वाटलं तिची चूक झाली. तो म्हणाला, तो रस्ता राहात्याला जातो. ती म्हणाली, मी ह्याच जिल्ह्यात जन्मले आहे. मग बाभळेश्वर येईपर्यंत मी रुमाल शोधत होतो.

पुढच्या खोलीत खाट लावली आहे, डोकं भिंतीकडे. राहीबाई आता दोन्ही वेळ येईल, न्हाऊ घालणं तिच्याकडे, तिनं स्वतःहून म्हटलं. मेट्रनबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, पंकजा नावाच्या एक सिस्टर कधीच्या जागेसाठी थांबल्या होत्या, त्यांना कळवते.

संध्याकाळी आक्का फार अवघडून होती. खिडकी उघडू का विचारायची, पंखा लावलास तर चालेल का विचारायची. पाणी दिलं की मान हलवायची. जेवताना पोळी अर्धीच घेतली. मला वाटलं, आणली खरी, पण आली नाही.

आज दुपारी मी मागे पेपर वाचत होतो. तू म्हणतेस तसा, म्हणजे डोळे मिटून. पुढच्या खोलीतून मोठ्यानं हाक आली. "शमू, चहा टाक." आधी वाटलं, आईच हाक मारते आहे. मग उठलो. तुझे डबे सापडेनात, साखर सापडली तर चहाची पूड सापडेना. साखर घातल्यावर आठवलं, ती तिला चालत नाही, पुन्हा केला. नेऊन दिला. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि पातळ म्हणून कप माझ्या हातात परत दिला.

तू परवा येशील. विमानात झोप घे. लोभ इथे भरपूर आहे, तू तुझा तेवढा बरोबर आण.

तुझाच,
शमुवेल